भोक सापडलं, कारण सापडलं का?

फेब्रुवारी २००५. अमेरिकेतला एक धिप्पाड फुटबॉलपटू पहाटे जागा झाला, तर डावा हात आणि डावा पाय बधिर. नाव टेडी ब्रुस्की, वय ३१. जेमतेम दहा दिवसांपूर्वी त्याच्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्स संघानं सुपर बोल ही अमेरिकी फुटबॉलची अंतिम लढत जिंकली होती. आयुष्यभर अंगावर माणसं झेलणारा हा गडी. कुठेतरी मार लागला असेल म्हणून पुन्हा झोपला. सकाळी त्याचा लहान मुलगा डावीकडून आला. त्याचा आवाज बापाला ऐकू आला, पण मुलगा दिसेना. डावीकडचं जगच पुसलं गेलं होतं. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. तपासण्या झाल्या आणि हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासूनचं भोक निघालं.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वय ७७. दोन दिवसांत ते घरी परतले. आठवड्याभरात डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितलं की शेरॉन यांच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनचं लहानसं भोक आहे आणि ते लवकरच बंद केलं जाईल. तारीखही ठरली: ५ जानेवारी २००६.

वर्ष एक, झटके दोन आणि दोन्ही हृदयांत तेच भोक. मग दोन्ही झटक्यांचं कारणही तेच का?

ऐकायला सोपा वाटणारा हा प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांना तीस वर्षं छळत होता. त्याचं बऱ्यापैकी उत्तर मिळालं ते २०२१ साली, तेही औषधातून किंवा यंत्रातून नव्हे, वर्गवारीतून. कोणाला कुठल्या खान्यात घालायचं हे ठरवण्यात एवढं काय असतं, असं वाटू शकतं. इथे मात्र सगळं त्यातच होतं.

आधी त्या भोकाबद्दल. त्याला भोक म्हणणं हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे, कारण एके काळी तो आपल्या प्रत्येकाचा राजमार्ग होता. पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, नाळेवाटे. ते ताजं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. तिथून फुप्फुसांत पाठवण्यात अर्थ नसतो; ती मिटलेलीच असतात. म्हणून उजव्या वरच्या कप्प्यातून थेट डाव्या वरच्या कप्प्यात जाण्यासाठी पडद्यात एक आडवाट ठेवलेली असते. तिथून रक्त सरळ मेंदूकडे. खालून येणाऱ्या मोठ्या नीलेच्या तोंडाशी मांसाची एक पातळ कड असते, युस्टेशियन झडप. ती शेतातल्या बांधासारखी वारेकडून आलेल्या रक्ताचा पाट नेमका त्या आडवाटेकडे वळवते. ही कड पुढे लक्षात ठेवायची आहे.

या वाटेचं नाव फोरामेन ओव्हाले, म्हणजे लंबगोल भोक. त्याला दोन पडदे असतात, एकावर एक सरकलेले. त्यातला एक दारासारखा उघडतो. जन्मल्यावर बाळ पहिलं रडतं, फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि ते दार ढकललं जाऊन बंद होतं. पुढच्या काही महिन्यांत ते चिकटून जातं. म्हणजे बहुतेकांचं चिकटतं. सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या माणसांचं दार नुसतं लोटलेलं राहतं, कडी न लावलेलं. वैद्यकात त्याला पेटंट फोरामेन ओव्हाले म्हणतात, थोडक्यात पीएफओ. इथल्या 'पेटंट'चा अर्थ फक्त 'उघडं'. शोधाच्या हक्काचं पेटंटही त्याच शब्दाचं. राजाचं ते सर्वांसाठी उघडं असलेलं पत्र.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली शवविच्छेदनातली ९६५ निरोगी हृदयं तपासली गेली. २७ टक्क्यांहून थोड्या अधिक हृदयांत हे दार उघडं होतं. रुंदी १ मिलिमीटरपासून १९ मिलिमीटरपर्यंत, सरासरी ५ मिलिमीटरच्या आतबाहेर. मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीचा व्यास साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे या दारातून निसटलेली गुठळी ती धमनी सहज बुजवू शकते. आता दुसरी बाजू: हे वाचणाऱ्या चौघांपैकी एकाचं दार असं उघडं असतं. तो रोज जिने चढतो, ओझी उचलतो, शिंकतो, खोकतो आणि त्याचं काहीही बिघडत नाही.

गुठळी या वाटेनं जाऊ शकते, हे पहिल्यांदा नीट मांडलं जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियुस कोनहाइम यानं, १८७७ साली. पक्षाघातानं गेलेल्या एका तरुण बाईचं शवविच्छेदन करताना मेंदूच्या धमनीत गुठळी दिसली. हृदयाच्या डाव्या भागात गुठळीचा उगम नव्हता. पायाच्या नीलांमध्ये मात्र गुठळ्या होत्या आणि हृदयाच्या पडद्यात मोठं उघडं दार. पायाची गुठळी एरवी फुप्फुसांत अडकायला हवी. फुप्फुसं म्हणजे रक्ताची गाळणी. ती गाळणी चुकवून गुठळी मेंदूत पोचली होती. अशा उलट्या वाटेच्या प्रवासाला पुढे 'पॅराडॉक्सिकल एम्बोलिझम' हे नाव पडलं. 'वाट चुकलेली गुठळी' म्हटलं तरी चालेल. खरं तर ती वाट चुकलेलीही नाही. गर्भात असतानाच्या जुन्या वाटेनं गेलेली आहे, इतकंच.

एरवी डावीकडचा दाब उजवीकडच्यापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे दार मिटलेलं राहतं. आपण कुंथतो, जोरात खोकतो, जड पेटी उचलून खाली ठेवतो, तेव्हा क्षणभर उजवीकडचा दाब वर जातो आणि दार किलकिलं होतं. त्याच क्षणी तिथून गुठळी जात असेल तर? हे 'तर' फार मोठं आहे. पण जगात माणसंही फार आहेत.

पुढची शंभर वर्षं हे शवागारातलं ज्ञान राहिलं. जिवंत माणसात हे दार पाहायचं कसं? ती युक्ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. दोन सिरिंजा घेतात, मध्ये तीन तोंडांची प्लॅस्टिकची तोटी. एकीत ९ मिलि सलाइन, दुसरीत १ मिलि हवा. मग हे मिश्रण इकडून तिकडे, तिकडून इकडे असं भराभर ढकलतात. दहा-बारा फेऱ्यांत स्वच्छ पाणी दुधट होतं. त्यात बारीक बुडबुडे भरतात. हे पाणी हाताच्या शिरेतून झटक्यात आत सोडतात. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर हृदयाची उजवी बाजू काळी असते ती एकदम चुन्यासारखी पांढरी होते. सगळे जण डावीकडे टक लावून बसलेले. डॉक्टर सांगतात, "कुंथा… अजून… धरा… आता सोडा!" दार नीट बंद असेल तर डावी बाजू काळीच राहते, कारण बुडबुडे फुप्फुसांच्या गाळणीत अडकून विरतात. दार उघडं असेल तर हृदयाच्या तीन ठोक्यांच्या आत डावीकडच्या काळोखात चांदण्या लुकलुकू लागतात. त्या मोजायच्या. पाच-सहा की वीसच्या वर, याला पुढे फार किंमत येणार आहे.

या चाचणीत एक गंमत आहे. बुडबुडे सोडतात हातातून, म्हणजे ते वरच्या नीलेतून येतात. तो बांध, ती युस्टेशियन कड, दाराकडे वळवते मात्र खालच्या नीलेचं रक्त, म्हणजे पायांकडचं. त्यामुळे हाताच्या बुडबुड्यांना न सापडलेलं दार पायाच्या गुठळीला सापडू शकतं. शिवाय काही ठिकाणी कानशिलावर डॉप्लर यंत्र ठेवून बुडबुडे थेट मेंदूच्या धमनीत पोचतात का तेही ऐकतात. ते पोचले की यंत्रातून चिवचिवाट होतो.

इकोची ही युक्ती हातात आल्यावर १९८८ साली फ्रान्समधल्या लेशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांखालचे ६० पक्षाघाताचे रुग्ण तपासले. ४० टक्क्यांत दार उघडं निघालं. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांत फक्त १० टक्क्यांत. ज्यांच्या झटक्याचं दुसरं काहीच कारण मिळत नव्हतं त्यांच्यात तर ५४ टक्के. वैद्यकविश्वात खळबळ उडाली. वर्षानुवर्षं 'कारण माहीत नाही' असं लिहून बंद केलेल्या फायलींना एकदम आरोपी मिळाला.

आरोपी मिळाला की पोलिसांना होतो तसा आनंद डॉक्टरांनाही होतो, आणि धोकाही तोच असतो. घटनास्थळी सापडला म्हणून त्यानंच केलं असं होत नाही. विशेषतः गावातला दर चौथा माणूस रोज त्याच चौकात उभा असतो तेव्हा.

हा गुंता साध्या आकड्यांनी सुटतो. समजा, कारण न सापडलेले १०० रुग्ण आहेत. त्यातल्या ४० जणांना पीएफओ आहे, ६० जणांना नाही. या ६० जणांचा झटका नक्कीच दुसऱ्या कुठल्यातरी, अजून न कळलेल्या कारणानं आलेला. दार नाही तर दारातून गुठळी कुठून येणार? आता, दुसऱ्या कारणांनी झटका आलेली माणसं या बाबतीत चारचौघांसारखीच; त्यांच्यातही २५ टक्क्यांना पीएफओ असणार, ७५ टक्क्यांना नसणार. म्हणजे हे ६० जण त्यांच्यातले ७५ टक्के झाले. एकूण किती? ८०. त्या ८० मधले उरलेले २० जण पीएफओ असलेले, पण झटका दुसऱ्याच कारणाचा. पीएफओवाल्या ४० मधून हे २० वजा करा. उरले २०. म्हणजे ज्यांच्यात भोक सापडलं त्यातल्या निम्म्यांत ते निर्दोष आहे. नुसतं तिथे उभं होतं.

निम्मे! म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं. आणि शंभरांच्या गटाबद्दल कळलेली ही गोष्ट समोर बसलेल्या एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो दोषी वीसांतला की निर्दोष वीसांतला?

तेव्हाच्या वर्गीकरणाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. पक्षाघातांची सर्वांत जास्त वापरली जाणारी वर्गवारी १९९३ची, नाव टोस्ट. ते नाव मुळात एका औषधाच्या चाचणीचं. औषध पुढे निरुपयोगी ठरलं, पण त्या चाचणीसाठी केलेले पाच खाने जगभर टिकले. मोठ्या धमनीतला चरबीचा थर. हृदयातून आलेली गुठळी. बारीक धमनी बुजणं. इतर ठाऊक कारण. आणि पाचवा, कारण न ठरलेला. पीएफओला या यादीत हृदयाकडच्या 'मध्यम धोक्याच्या' उगमांत जागा मिळाली, शंका असलेल्या माणसाला मागच्या बाकावर बसवतात तशी. प्रत्यक्षात डॉक्टर लिहू लागले, 'पीएफओ असलेला अज्ञातकारण पक्षाघात'. नीट वाचलं तर या नावात पेच आहे. पीएफओ हेच कारण असेल तर झटका अज्ञातकारण कसा? आणि अज्ञातकारण असेल तर पीएफओचं नाव कशाला घ्यायचं? नावातच 'हो' आणि 'नाही' दोन्ही.

दरम्यान दार बंद करण्याची सोय झाली होती. छाती न उघडता, मांडीच्या नीलेतून नळी घालून पीएफओ बुजवल्याचा पहिला मोठा अनुभव १९९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे साधन सुधारत गेलं. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारांच्या दोन जाळीदार चकत्या, मध्ये बारीक कंबर. नळीत घडी होऊन जातं, पलीकडे एक चकती उमलते, अलीकडे दुसरी, आणि पडदा मध्ये दाबला जातो. शर्टाच्या दुहेरी प्रेसबटणासारखं. काही महिन्यांत त्यावर हृदयाचं अस्तर चढतं. इतकं सुबक काम की ते करण्याचा मोह कोणाला होणार नाही? भोक दिसलं, बुजवलं.

मग चाचण्या झाल्या आणि पाणी पडलं. २०१२ साली आलेल्या 'क्लोजर वन' चाचणीत ९०९ रुग्ण होते. दार बुजवलेले आणि फक्त औषधावर ठेवलेले, दोन्ही गटांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच. वर बुजवलेल्या गटात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण ५.७ टक्के; दुसऱ्या गटात ०.७. पण त्या निकालात एक गोष्ट होती जिच्याकडे सुरुवातीला कमी लोकांनी पाहिलं. ज्यांना पुन्हा झटका आला त्यांच्यापैकी बहुतेकांत दुसरं कारण स्पष्ट दिसत होतं. म्हणजे मुळात चुकीच्या माणसांचं दार बुजवलं जात होतं. ज्या घरात चोर खिडकीतून येतो तिथे दाराला तिसरं कुलूप लावून काय होणार?

पुढच्या वर्षी 'रिस्पेक्ट' चाचणीचे आकडे आले. ९८० रुग्ण, बुजवलेल्यांत ९ झटके, औषधवाल्यांत १६. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या अलीकडेच अडखळतो. दोन्ही बाजूंना भांडायला भरपूर जागा होती आणि दोन्ही बाजू भांडल्या.

त्याच २०१३ साली डेव्हिड केंट आणि सहकाऱ्यांनी बारा ठिकाणच्या नोंदी एकत्र करून, ३,०२३ रुग्णांवरून एक मोजपट्टी बनवली: रोप. आपण वर केलेला हिशेब त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेच्या माणसांसाठी वेगवेगळा केला. कल्पना सरळ आहे. दुसरी कारणं असण्याची शक्यता जितकी कमी, तितका भोकावरचा संशय जास्त. रक्तदाबाचा आजार नाही? एक गुण. मधुमेह नाही? एक. आधी कधी झटका नाही? एक. धूम्रपान नाही? एक. मेंदूचं नुकसान वरच्या थरात आहे, खोल आतल्या बारीक धमन्यांच्या भागात नाही? एक. आणि सगळ्यात मोठा वाटा वयाचा: तिशीच्या आत ५ गुण, पुढे दर दशकाला एक कमी, सत्तरीनंतर शून्य. एकूण दहापैकी.

समजा, बत्तीस वर्षांची एक शिक्षिका आहे. बीपी नाही, साखर नाही, सिगारेट नाही, पहिलाच झटका, एमआरआयमध्ये मेंदूच्या वरच्या थरात पाचरीच्या आकाराचा डाग. पाच अधिक चार, नऊ गुण. या गटात भोक दोषी असण्याची शक्यता ८८ टक्के. दुसरा समजा अठ्ठावन्न वर्षांचा दुकानदार. बीपी, साखर, रोजच्या दहा विड्या, डाग खोलात, बारीक. वयाचे दोन, पहिला झटका म्हणून एक. तीन गुण. शून्य ते तीनच्या गटात भोकाचा दोष? शून्य टक्के. दोघांच्या इकोच्या रिपोर्टमध्ये ओळ मात्र एकच: पीएफओ आहे.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक टाचण. 'रक्तदाब नाही' याचा एक गुण मिळतो तो तपासून नाही असं ठरलेल्याला. ज्यानं जन्मात दंडाला पट्टा बांधून घेतलेला नाही आणि जो छातीठोकपणे "मला बीपी-बिपी काही नाही" म्हणतो, त्याला हा गुण फुकटचा मिळून भोक विनाकारण दोषी ठरू शकतं. तसंच ही मोजपट्टी धूर विचारते. चुन्यात मळलेली तंबाखू आणि मशेरी तिला ठाऊक नाहीत.

रोपनं आणखी एक अडचण समोर आणली, आणि मला ती या सगळ्या गोष्टीतली सर्वांत चमत्कारिक वाटते. ज्यांच्यात भोक दोषी असण्याची शक्यता सर्वाधिक, म्हणजे नऊ-दहा गुणवाल्यांत, दोन वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण फक्त २ टक्के. ज्यांच्यात भोक निर्दोष, त्यांच्यात २० टक्के. अर्थ लावला की चमत्कार राहत नाही. तरुण, निरोगी माणसात गुठळी तयार होणं, ती नेमकी कुंथण्याच्या क्षणी दाराशी येणं, हा योगायोग क्वचितच जुळतो. बीपी आणि साखर मात्र रोज काम करत असतात. पण डॉक्टरांपुढचा पेच बघा: ज्याला बुजवण्याचा उपयोग त्याला धोका कमी आणि ज्याला धोका जास्त त्याला बुजवण्याचा उपयोग नाही. म्हणूनच चाचण्यांमध्ये फरक दिसायला इतकी वर्षं लागली.

सप्टेंबर २०१७मध्ये एकाच अंकात तीन निकाल आले आणि वारं फिरलं. त्यातली फ्रान्सची 'क्लोज' चाचणी मला सर्वांत शहाणी वाटते, कारण तिनं दारात येणाऱ्यांनाच गाळून घेतलं. फक्त मोठं उघडं दार असलेले, नाहीतर पडदा सैल पडून शिडासारखा फडफडणारे रुग्ण घेतले. या फडफडणाऱ्या पडद्याला एट्रियल सेप्टल अॅन्युरिझम म्हणतात. बुजवलेल्या २३८ जणांत सरासरी पाच वर्षांत पुन्हा झटका एकालाही नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळ्यांवर ठेवलेल्या २३५ जणांत १४ जणांना. शून्य विरुद्ध चौदा. तंत्र तेच. भोकं आणि माणसं मात्र निवडून घेतली होती.

आता दोन धागे हाती होते. एक माणसाचा: वय, बीपी, साखर, डागाची जागा. दुसरा भोकाचा: केवढं, आणि पडदा कसा. २०२०मध्ये हे दोन्ही विणून नवी वर्गवारी मांडली गेली, तिचं नाव पास्कल. नाव लांबलचक इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं, पण ते शक्याशक्यतेचं गणित उभारणाऱ्या ब्लेझ पास्कलचं निघावं हे कोणीतरी मुद्दाम जुळवलेलं असणार. 'अज्ञातकारण' हा पेचदार शब्द तिनं टाकून दिला आणि साधं नाव घेतलं: पीएफओशी संबंधित पक्षाघात. संबंधित, एवढंच. किती संबंधित, ते पुढे सांगायचं.

मोजायचं असं. रोपचे गुण सात किंवा जास्त आहेत का? आणि भोक धोक्याच्या जातीचं आहे का, म्हणजे डावीकडे वीसपेक्षा जास्त बुडबुडे, किंवा पडदा मध्यरेषेपासून दहा मिलिमीटर किंवा जास्त झुलणारा? दोन्ही 'हो' असतील तर भोक हे कारण असणं 'बहुधा खरं'. एकच असेल तर 'शक्य'. एकही नसेल तर 'संभव कमी'. गुठळी दारातच अडकलेली दिसली तर प्रश्नच मिटला. तो चोर रंगेहाथ सापडला. अर्थात हे सगळं इतर कारणं नीट शोधून झाल्यावरच. मानेच्या धमन्या, हृदयाचे ठोके आणि उतारवयात लपलेलं फिब्रिलेशन यांना वगळल्याशिवाय ही मोजणी सुरूच होत नाही.

कागदावरची वर्गवारी खरी की नुसती सोयीची, हे २०२१मध्ये कळलं. सहा चाचण्यांतल्या ३,७४० रुग्णांची एकेकाची माहिती एकत्र करून केंट आणि सहकाऱ्यांनी त्यांना या तीन खान्यांत घातलं. सगळे मिळून पाहिलं तर बुजवण्यानं वर्षाला पुन्हा झटका येण्याचं प्रमाण १.०९ टक्क्यांवरून ०.४७ वर आलं. खाने पाडल्यावर चित्र पालटलं. 'बहुधा खरं' गटात धोका नव्वद टक्क्यांनी घटला. 'शक्य' गटात बासष्ट टक्क्यांनी. 'संभव कमी' गटात घटला नाहीच. आकडा किंचित उलट बाजूलाच होता. त्याच गटात बुजवल्यावर दीड महिन्यानंतरही उद्भवणारं फिब्रिलेशन ४.४१ टक्क्यांत आणि 'बहुधा खरं' गटात ०.६५ टक्क्यांत. म्हणजे ज्यांना फायदा नाही त्यांच्याच वाट्याला त्रास. इतकी वर्षं तिन्ही खाने एकाच टोपलीत घालून लोक विचारत होते, बुजवणं चांगलं की वाईट?

या वर्गवारीलाही कच्चे दुवे आहेत. बुडबुडे मोजणाऱ्याचा डोळा, कुंथणाऱ्याची ताकद, दोन्हींवर आकडा हलतो. पायात किंवा ओटीपोटाच्या नीलांत गुठळी आहे का, हे शोधायला उशीर झाला तर ती सापडतच नाही. २००४च्या एका अमेरिकी अभ्यासात एमआरआयनं ओटीपोटातल्या नीला लवकर तपासल्या, तेव्हा अज्ञातकारण झटक्याच्या २० टक्के रुग्णांत गुठळी दिसली, कारण ठाऊक असलेल्यांत ४ टक्क्यांत. लांबचा विमानप्रवास, प्लॅस्टरमध्ये अडकलेला पाय, गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण, या गोष्टी रोपच्या दहा गुणांत कुठेच नाहीत. चांगला डॉक्टर त्या तरीही विचारतो. आणि साठीच्या पुढच्यांबद्दल तर या चाचण्या जवळजवळ गप्पच आहेत, कारण त्या मुख्यतः १८ ते ६० वयाच्या माणसांवर झाल्या.

ब्रुस्कीच्या वयालाच चार गुण होते. त्याचं भोक मार्च २००५मध्ये बुजवलं. ३० ऑक्टोबरला बफेलोविरुद्धच्या सामन्यात तो पुन्हा मैदानात उतरला आणि आणखी तीन हंगाम खेळला.

शेरॉन यांच्या वयाला शून्य. बाकीचे सगळे गुण मिळाले असं धरलं तरी बेरीज पाचच्या वर जात नाही, आणि भोक तर लहानसंच सांगितलं होतं. पण २००५ साली ही मोजपट्टी कोणाकडेच नव्हती. पहिल्या झटक्यानंतर त्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू होती. भोक बुजवायच्या आदल्या संध्याकाळी, ४ जानेवारीला, ते नेगेव्हमधल्या आपल्या शेतघरी होते. तिथे त्यांना दुसरा झटका आला. हा गुठळीचा नव्हता. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. त्यानंतर ते आठ वर्षं बेशुद्धावस्थेत होते. ११ जानेवारी २०१४ रोजी ते गेले.